तो वेळ, ती वेळ

गुरुवारी चारच्या सुमारास
व्हर्ना हॉगन पुढच्या आठवड्याचा कागद
फ्रीझरच्या दाराशेजारी लावते.
टाचणी जुन्याच भोकात जाते.
भिंतीची तिथे चाळण झाली आहे.

डुलूथमध्ये तेव्हा अंधारायला लागलेलं असतं.
तळ्यावरचं वारं सरकत्या दारातून
पावांच्या रांगेपर्यंत येतं.
आम्ही एप्रन न सोडता जमतो,
नावावर बोट ठेवून आडवं सरकवत नेतो,
बोर्डाचा निकाल बघावा तसं.

मार्सेला प्रूइटचं बोट शुक्रवारवर थांबतं.
रात्री अकराला बंद करायचं.
शनिवारी पहाटे पाचला उघडायचं.
"म्हणजे किल्ली झोपणार, माझ्या गळ्यात.
मी नाही."
घर चाळीस मैलांवर, रस्ताभर बर्फ.
शनिवारी आईला डायलिसिसला कोण नेणार
हे त्या चौकटीत मावत नाही.

व्हर्ना वाईट नाही. लिहून ठेवतो,
कारण कागदावर ते दिसत नाही.
तिला आठवड्याचे चारशे बारा तास मिळतात,
मिनिआपोलिसहून,
रेशनच्या साखरेसारखे मोजून.
तिथलं एक यंत्र हवामान बघून सांगतं
मंगळवारी किती माणसं कोबीची कोशिंबीर नेतील.
चारशे तेरावा तास लागला की फोन वाजतो.
म्हणून तो ती अंगावर घेते, कुठेही न लिहिता:
सलग सहा रविवार
ती स्वतःच हॅम कापते आहे,
चष्म्यावर चरबीचे बारीक थेंब.

"मला लवचिक माणसं लागतात," ती म्हणाली.
"दर वेळी लवतं कोण, तेवढं सांग," मार्सेला म्हणाली.
(बोलणं इंग्रजीत झालं.
माझ्या कानात ते मराठीत शिरलं
आणि जास्त बोचलं.)

माझ्या भाषेत वेळ दोन लिंगांत राहते.
राहतो.
ती वेळ: पाचची, अकराची, ठरलेली.
तो वेळ: माझा, तुझा, गेलेला.
व्हर्ना ती लिहिते.
मार्सेला तो देते.
दोघी एकाच शब्दावरून भांडतात
आणि दोघींना वाटतं, चोर समोर उभा आहे.

त्या शनिवारचं मार्सेलानं नंतर सांगितलं.
घरी गेलीच नव्हती.
पार्किंगमध्ये तिची एकटीची गाडी,
काचा आतून गोठलेल्या,
दर वीस मिनिटांनी इंजिन सुरू, मग बंद.
आईला शेजारच्या आर्लोनं नेलं,
त्याबद्दल त्याला काय द्यायचं हा वेगळाच हिशेब.
साडेचारला काचेवर टकटक.
व्हर्ना. हातात स्वतःची किल्ली.
"सातपर्यंत झोप. मी बघते."

मार्सेलानं काच बोटभर खाली केली.
"आणि हे दोन तास भरणार कोण?"

व्हर्नाच्या तोंडून वाफ तेवढी निघाली.

मी सहाला आलो तेव्हा
ओव्हन तापला होता, दिवे लागले होते.
दोघी एका थर्मासमधली कॉफी पीत
पाठीला पाठ लावून काम करत होत्या.
घड्याळापाशी दोन कार्डं.
शिक्का एकावरच.
कुणाच्या, ते वाकून बघावंसं वाटलं.
बघितलं नाही.
माझीही वेळ झाली होती.