बशी

एर्सिलियाचा बोका गेला, त्याला आज नववा दिवस.
सकाळपासून मी दुकानं पालथी घालतोय
वाल्पाराइसोच्या खालच्या बाजारात, बंदराच्या अंगाला.
गुडघे बोलतायत, तरी.

पहिल्या दुकानात चिनी मातीचं मांजर होतं, पंखवालं,
पाठीला झाकण, आत रक्षेपुरती जागा.
पोरगी म्हणाली, गुलाबीतही येतं.
अल्मिरांतेला पंख?
अर्ध्या टेकडीच्या कबुतरांची ज्यानं
फक्त पिसं मागे ठेवली, त्याला?

दुसरीकडे लॉकेट, बदामाच्या आकाराचं,
चिमूटभर राख मावेल असं.
एर्सिलिया गळ्यात काही घालत नाही.
एक अंगठी होती, कणीक मळताना काढून ठेवायची,
ती एकदा काढली ती काढलीच.

तिसरा दगडावर अक्षरं कोरून देणारा.
अक्षरामागे पैसे, म्हणाला,
पेन्सिल कानावरून काढली,
नाव सांगा.

आणि मी गप्प.

कारण माझ्याकडे त्याचं नाव विउदा होतं.
विउदा, म्हणजे विधवा, अंगभर काळी म्हणून.
माझ्याकडे तो ती होता.
चार वर्षं, दुपारी चारला,
पत्र्यावरून धप्पकन उडी, मग खिडकीच्या काचेवर एक पंजा,
आणि मी मर्लुसाचं डोकं उकडून बशीत.
शेपटी वर करून कोणी तपासलंय?

रविवारी चारला मात्र मी वर एर्सिलियाकडे चहाला जायचो.
ती म्हणायची, आत्ता इथं होता बघ,
तू आलास की कुठं जातो कोण जाणे.
मी म्हणायचो, माणूसघाणा असेल.
घरी परतलो की खिडकीखाली विउदा रुसून बसलेली.
दोन आणि दोन मी कधी मिळवले नाहीत.

मिळवले त्या सकाळी. ती दारात उभी,
कुशीत निळ्या टॉवेलचं गाठोडं, म्हणाली फावडं दे.
टॉवेलमधून पुढचा डावा पंजा बाहेर आलेला,
बोटं तेवढी पांढरी,
पिठात बुडवल्यासारखी.
फावडं दिलं. मग म्हटलं, तू बस, मी खणतो.
खणताना बोललो नाही.
दुःख तिचं होतं, त्यात माझा वाटा मागायचा कसा?

नाव सांगता ना? दगडवाला.
उद्या येतो म्हणालो, आणि तिथूनच तिच्याकडे निघालो.
वाटेत घरी थांबून बशी तेवढी घेतली.
कड निळी, एका जागी टवका.
ओतिलियानं आणलेल्या सहांतली ही शेवटची,
पाच भूकंपात गेल्या.
धुतली नाही. कागदात गुंडाळली.

एर्सिलियानं कागद उलगडला,
वास घेतला,
आणि मी सगळं सांगितलं, उभ्यानंच,
चोरी कबूल करणाऱ्या पोरासारखं.

मासा? ती म्हणाली.
त्याला मासा बंद होता, अडीच वर्षं.
मूत्रपिंडं. डॉक्टरनं लिहून दिलं होतं.
मी त्या पांढऱ्या गोळ्या चुरून चुरून...
आणि संध्याकाळी तो तोंड फिरवायचा,
मला वाटायचं, औषधानं भूक मेली.

मी बशीकडे हात नेला, परत घ्यायला.
तिनं सोडली नाही.

खाली बंदरात एक जहाज भोंगा देत राहिलं,
उगाच, बराच वेळ.

मग ती म्हणाली, किती वाजता यायचा?
चारला.
चारला मी जिन्यात उभी राहून हाका मारायचे.
अल्मिरांते, अल्मिरांते, सगळी टेकडी ऐकायची.

बशीच्या टवक्यावर तिनं अंगठा फिरवला.
तू विउदा म्हणून हाक मारलीस
तर ओ द्यायचा?

एकदाही नाही, मी म्हटलं.

हं, ती म्हणाली.
मलाही नाही.
आणि चहाचं आधण ठेवायला उठली,
बशी हातातच.