एकोण

लगमा तेवीस लिहितो तेव्हा
आधी तीन लिहितो, मग दोन.
चूक कशी म्हणू?
मीच आधी ‘ते’ म्हटलं, मग ‘वीस’.
त्यानं ऐकलं तसं मांडलं.

हे आज सुचतंय.
तेव्हा मी त्याची वही
उंच धरून वर्गाला दाखवली होती.

नंदगडच्या पुढं, रान दाटत जातं तिथं आमची शाळा.
दोन खोल्या, पाच इयत्ता, तेवीस पोरं.
फळ्यावर मराठी आकडे, पुस्तकात इंग्रजी,
बसच्या पाटीवर कन्नड.
एकच पाहुणा तीन वेषांत येतो
आणि लगमा तिन्ही वेळा विचारतो, कोण?

सात मोठे की नऊ म्हटलं
की तो माझ्या भुवयांकडे बघायचा.
बोटं मोजत पाचाला पोचायचा,
मग दुसरा हात बघून
पुन्हा पहिल्या अंगठ्यावर.
पण घरच्या म्हशी?
किती, ते नाही सांगता यायचं.
संध्याकाळी एकेकीला नावानं आत घ्यायचा,
आणि तांबडी मागं राहिली असेल
तर गोठ्याचं दार लावायचा नाही,
बापानं कितीही ओरडू दे.

धारवाडला ट्रेनिंग झालं.
पडद्यावर एक लांबलचक शब्द आला: डिसकॅल्क्युलिया.
मी उतरून घेताना एक अक्षर गाळलं.
शेजारच्या बाईंनी पेनाच्या टोकानं जागा दाखवली,
बस्स, तेवढंच.
परतीच्या बसमध्ये, कित्तूर मागं पडलं तरी
तेच डोक्यात:
त्यांनी माझी वही
कुणाला दाखवली नाही.

गणिताच्या तासाला मी लगमाला बाहेर काढायचे
तेव्हा तो कुठं जायचा, मला ठाऊक नव्हतं.
स्वयंपाकखोलीत. गंगव्वाकडं.
तिला मराठी येतं चुलीपुरतं,
त्याला कन्नड येतं शिव्यांपुरतं.
तिनं त्याला अंडी लावायला बसवलं होतं.
पुठ्ठ्याचा ट्रे, पाच-पाच खळग्यांच्या ओळी.
दोन ओळी भरल्या, हत्तु.
चार भरल्या, इप्पत्तु.
वर आणखी तीन,
इप्पत्तमूरु.
आधी वीस. मग तीन.
बोलायचं तसंच लिहायचं.

मी दाराआड उभी होते, हातात छडीऐवजी डस्टर.
लगमानं कोळशानं फरशीवर दोन काढला,
थांबला,
आणि त्याच्या उजव्या अंगाला तीन.

आमच्या घरी भिंतीवर एक फोटो आहे.
मोर्चा, पहिल्या रांगेत माझे वडील,
तोंड उघडं, घोषणा अर्धी.
या मुलखात पाटीवरच्या एका अक्षरापायी
डोकी फुटलीत.
मी घरी जेवताना म्हटलं,
लगमाला तेवीस आलं.
कुठल्या भाषेत, ते वडिलांनी विचारलं नाही,
मीही आमटी वाढून घेतली.

मग ट्रे वर्गात आणला.
पोरं हसली, मग सगळ्यांनाच हवा झाला.
एका बुधवारी नवा ट्रे उतरवताना
गंगव्वाच्या हातून एक अंडं गेलं.
पिवळं फरशीभर.
लगमा त्या रिकाम्या खळग्यात बोट घालून बसला
बराच वेळ.
‘बाई, एकोणतीस म्हंजे तीसच काय?
एकोण म्हंजे फुटलेलं?’

पस्तीस वर्षं मी हा शब्द शिकवला.
एकदाही कुणी आत बोट घातलं नव्हतं.
व्हय, म्हटलं.
फुटलेलं.

साताचा पाढा अजून येत नाही.
येईल असं मी कुणाला सांगत फिरत नाही.
काल त्यानं पुन्हा बत्तीस लिहिलं, तेविसाच्या जागी.
बघत राहिला.
मग न विचारता उठला, स्वयंपाकखोलीपर्यंत गेला,
आत डोकावून आला,
पाटीवर थुंकी लावून पुसलं.
मी हजेरीत डोकं घातलं होतं,
वर बघितलं नाही.
भुवया तर मुळीच हलवल्या नाहीत.