भरून पावलं

गौरी गेल्या की सड्यावर या, दौलत गोताड म्हणतो,
त्याआधी नको. पिल्लं लहान असतात.

करंबेळीच्या सड्याला आता फाटक आहे,
हिरवी पाटी आहे, पाणथळ राखीव क्षेत्र,
त्यातला 'ळ' कुणीतरी छऱ्याने उडवलेला.
दौलतकडे खाकी शर्ट, शिट्टी आणि एक वही.
उजव्या हाताची दोन बोटं नाहीत.
ती यंत्राकडे राहिली, असं सांगतो,
छत्री कुणाकडे विसरल्यासारखं.

खाली खाण. अजून चौकोनी,
पायरी पायरीने उतरत गेलेली.
भिंतींवर पात्याच्या अर्धगोल रेघा,
रेघांत शेवाळ,
आणि काठाच्या ओल्या कातळावर सीतेची आसवं,
जांभळी, नखाएवढी.
नाव काही असो, किडे खाऊन जगतात.

पाणी तो फुटांत मोजत नाही.
"हितं अडीच चिरं. तितं, कमळाजवल, सात.
त्या कोपऱ्यात जाव नका.
तितं दगड चांगला लागला,
म्हनून आमी थांबलोच नाय."

अडईची जोडी शीळ घालत उतरली.
गवतातून पिल्लं निघाली, मी अकरा मोजली.
त्याने वहीत बारा लिहिले.
एक मागे असतं, म्हणाला. असतंच.

मग मी न विचारता,
"तुमचं घर ह्या कोपऱ्यातलं.
तीन हजार दोनशे. चौदा, नऊ, सात.
शेवटच्या खेपेचं तेवढं ऱ्हायलं,"
आणि दुर्बीण माझ्या हातात दिली.

दुर्बिणीत टिबुकली.
आमच्या स्वयंपाकघराची भिंत जिथून निघाली
तिथे तिने बुडी मारली.
मी आकडे मोजत राहिले.
बाबा हिशेबाला चोख होते, असं सगळे म्हणतात.
बाविसाव्या आकड्याला ती वर आली,
भलतीकडेच,
चोचीत काहीतरी वळवळणारं.

निघताना मी पर्स उघडली.
किती होतात, व्याजासकट, असं काहीतरी
पुटपुटलेही असेन.
त्याने आधी माझ्याकडे पाहिलं नाही,
पेन्सिलीचं टोक दाताने नीट केलं.
"ऱ्हाव द्या. भरून पावलं."

फाटकाला कडी घालत होतो,
तेवढ्यात पलीकडच्या सड्यावर
यंत्र सुरू झालं.
पिल्लांनी माना वळवल्या नाहीत.
दौलतने वळवली.
आवाजावरनं म्हणाला, पातं नवं हाय.