जाळ्याची सुई

माझी सुई लाकडाची, वीतभर लांब,
सासूच्या हातातून आलेली.
चाळीस वर्षं हिनंच जाळी सांधते मी
आरोसाच्या खाडीकाठी, धक्क्यावर पाय पसरून.
झिजेल तितकी हाताला गोड लागते.
म्हणून मला वाटायचं सुई म्हणजे अशीच,
जुनी तितकी आपली.

ब्रैसची सापडली ती शिंपल्यांच्या बादलीमागे.
नव्वद साल, फेब्रुवारी.
कागदात गुंडाळलेली, टोपण लावलेली.
नीटनेटका होता हो माझा पोर,
शाळेच्या वह्यांना स्वतः कव्हरं घालायचा.
मी ती उचलली आणि खाडीत भिरकावली.
हात पुसले ॲप्रनला.
केवढं मोठं काम केलं असं वाटलं.
घरी आले, मासे तळले, पोटभर जेवले.

त्या काळी औषधवाला मोरेइरा
असल्या पोरांना सुई विकायचा नाही.
“संपल्या,” म्हणायचा, मागचं फडताळ भरलेलं असताना.
मग त्या रात्री बोटींच्या शेडमध्ये
चौघांत एक.

“नळाखाली धुतली होती, आई,”
असं मला म्हणाला चार वर्षांनी, दवाखान्यात,
ओठ सोललेले, दंड माझ्या मनगटाएवढा.
नळाखाली.
जसं काही मी विचारणारच होते,
जेवायच्या आधी हात धुतलेस का.

तीच रात्र की दुसरी कुठली,
डॉक्टरांना सांगता आलं नाही.
मला येतं.

आता दर गुरुवारी गाडीत बसते, सबेलाशेजारी.
ती नर्स आहे, माझ्या धाकटीच्या वयाची.
तिनं एकदा फोटो दाखवला, भिंगातून काढलेला:
नवी सुई, एकदा वापरलेली, सहादा वापरलेली.
सहावीचं टोक वळलं होतं, गळासारखं.
बाकीचं मला शिकवावं लागलं, पण गळ मला कळतो.
जाताना निमूट जातो,
येताना मांस घेऊन येतो.

आणि उष्टं.
ते भिंगातही दिसत नाही.
धुतलं म्हणून जात नाही.
सुईचं, वितळवायच्या वाटीचं, कापसाच्या बोळ्याचंसुद्धा.

परवा अन्शो आला. तराफ्यांवर कालवं काढतो,
बोटं मिठानं फाटलेली,
कोपराच्या आत लाल, तापलेली गाठ.
“दोन द्या.”
“किती जण आहात?”
तो दाराकडे बघायला लागला.
“पोलिसात देत नाही रे. जण किती?”
“तीन.”
“दिवसाला?”
“तीनदा. कधी… तीनदा.”
आयुष्यभर गाठी मोजल्यात मी.
तीन त्रिक नऊ, नऊ साती त्रेसष्ट.
सत्तर दिल्या. सात सांडलवंडीला.
पाण्याच्या कुप्या, वाट्या, कापूस, ज्याचं त्याला.

आमची एउदोसिया चर्चमधून येताना
गाडीपाशी मुद्दाम थांबते, छत्री मिटत नाही.
“पोटचा घालवलास,
आणि आता दुसऱ्यांच्या हातात देतेस?”
देते, म्हटलं.
एकदा काढून घेतली होती.

अन्शो माझ्या मांडीवरच्या जाळ्याकडे बघत उभा.
“ही बदलत नाही तुम्ही?”
“हिला कुणाचं रक्त लागत नाही,” म्हटलं,
“माझंच, कधीमधी.”
हसला. पुढचा एक दात नाही त्याला.
ब्रैससारखा मुळीच दिसत नाही,
बरं झालं.

“ती गाठ दाखव सबेलाला.”
“पुढच्या गुरुवारी.”
“आत्ता.”
“पुढच्या गुरुवारी, नक्की.”
पिवळा डबा काखेत मारला,
वापरलेल्या टाकायचा, झाकण घट्ट बसणारा,
आणि निघाला.

मी मागून ओरडले,
भरून आण!
मग वाटलं, हे असं काय बोलले मी,
आणि पुन्हा ओरडले,
रिकामा आणलास तरी ये.
ऐकलं की नाही कोण जाणे.
वारा खाडीकडून होता.