पगार

शनिवारी सकाळी सिव्हिल हॉस्पिटलात,
केसपेपरच्या खिडकीशेजारी, मी स्टूल मांडते.
स्टूल चहावाल्या इराप्पाचं. एक पाय आखूड.
त्याखाली जुना केसपेपर दुमडून घातला
की ते उभं राहतं, माझ्या कन्नडइतपत सरळ.

"पगार किती देतात गे तुला?"
बेळगुंदीची यल्लूबाई दर शनिवारी विचारते.
काही नाही म्हटलं की,
"खरं मग येतीस कशाला?"
आमच्याकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात,
त्यामुळं साधी शंकासुद्धा
शपथेवर घेतल्यासारखी वाटते.

हाच शब्द तिथं पहिल्या दिवशी भेटला होता.
कोचाबांबा. सांबऱ्याहून पाच विमानं आणि दोन उलट्या.
पोरांच्या जेवणघरात दोन्या एउलालियानं
हातात सुरी दिली, पुढ्यात बटाट्यांचं पोतं सारलं
आणि लांबलचक काहीतरी विचारलं.
त्यातला एकच शब्द ओळखीचा निघाला: पगार.
त्यांच्यात पगार म्हणजे पैसे देणं.
तुला कोण देतं, की तू कुणाला देतेस,
हे अजून कळलेलं नाही. मी मान हलवली.
बादलीला बाल्दे. मेजाला मेसा.
कधीतरी गोव्याच्या धक्क्यावर उतरून
चोर्ला घाट चढून आमच्या मोरीपर्यंत आलेली
ही भावंडं मला सख्खी वाटायची,
बाकी सगळी भाषा सासरची.

सकाळी दीडशे बटाटे. मग ताटं. मग विल्मरचं गणित,
जे त्याला येत होतं आणि मला सांगता येत नव्हतं.
पाणी तिथंही दिवसाआड,
पिंपं भरण्यावरून भांडणंही तशीच,
फक्त शिव्या नवीन.
रविवारी दहाला फोन लावायचा,
तेव्हा आईच्या घरी दिवे लागून गेलेले.
"जेवलीस?" म्हणायची. शेंगदाण्याचं सूप, म्हणायचे.
शेंगदाण्याचं? एवढ्यावर ती आठवडा काढायची.

एउलालिया चुलीपाशी केचुआ बोलायची.
न उकळणाऱ्या पातेल्याला अशी झापायची
की ते घाबरून उकळावं.
तिला घेऊन मी दवाखान्यात गेले.
खिडकीतल्या पोरीनं विचारलं, दोंदे ले दुएले?
कुठं दुखतं?
साधं तर होतं. मलासुद्धा कळलं.
एउलालिया टोपी काढून हातात धरून
काचेतल्या गोल भोकाकडे बघत राहिली.

ते बघणं मी ओळखलं.
याच खिडकीसमोर, या इथं,
माझ्या बापानं असंच बघितलं होतं.
एल्ली ब्यानी, विचारलं होतं कारकुनानं.
बाप आयुष्यभर कांदा मार्केटात
कन्नडात भाव पाडत आला, कन्नडात जोक मारत आला,
आणि खिडकीत वाकून म्हणाला:
"आं?"
भाषा येत नसते म्हणून नाही,
खिडकी असते म्हणून.

एउलालियाचा हात मी माझ्या बरगडीवर ठेवला, इथं?
थोडं खाली नेला, इथं?
ती म्हणाली, नानाय.
केचुआत दुखण्याला नानाय म्हणतात.
आमचे नानाकाका आठवून मला हसू फुटलं,
मग तिलाही, कशाला ते न कळता.
पोरीनं वैतागून लिहिलं: पोट.

गेल्या शनिवारी सौंदत्तीकडची एक आज्जी,
समोर नवा डॉक्टर, पंजाबकडचा.
मध्ये मी, माझं कन्नड
भाजीच्या भावापर्यंत पोचवून सोडणारं.
तिनं चुडा मागं सारला, माझा हात ओढला
आणि स्वतःच्या बरगडीवर ठेवला.
इल्लि, म्हणाली.
मी डॉक्टरला सांगितलं, इथं.
माझ्या तोंडून आधी चुकून नानाय निघालं होतं.

एउलालियाचा आवाज येतो फोनवर,
मागं पातेलं, कुत्रं, विल्मरचा फुटलेला आवाज.
तिथं तुला पगार देतात का, विचारते.
कसं विचारते, ते आता सगळं कळतं.
उत्तर द्यायला तोंड उघडते,
तर इराप्पा ओरडतो, "अक्का, स्टूल!"
गिऱ्हाईक आलंय त्याचं.

उठते. रांगेत अजून अकरा जण.
ते उभ्यानंच.