उतरंड

निवेस जन्मली त्या साली
ओलिंदोने माळ्यावर मांडली
पाच पिंपांची उतरंड:
ओक, चेस्टनट, चेरी, तुती,
आणि सगळ्यात धाकटं जुनिपरचं,
कडेवर बसेल एवढं.

मोदेनाच्या द्राक्षांचा रस
रात्रभर आटवला, काकवीसारखा.
पोरीचं रुखवत, म्हणाला.
पंचवीस वर्षांनी उघडू.

उन्हाळ्यात माळा तापायचा,
लाकडातून रस सुस्कारे टाकायचा.
थंडीत गप्प.
धाकट्यातून काढायचं चमचाभर,
त्याची तूट थोरल्याने भरायची.
घरातही रीत तीच होती.

निवेसने लग्न केलं नाही.
तोरिनोत टाइपरायटरच्या कारखान्यात
तीस वर्षं काढली,
दर जानेवारीत मात्र यायची,
पिंपं भरायला.

आता एकाहत्तरची आहे.
रुखवत एकटीच मोडते:
परमेजानच्या खड्यावर एक थेंब,
स्ट्रॉबेरीवर दोन,
शेजारच्या एत्तोरेचा घसा बसला
तर अख्खा चमचा,
वर दटावणी: सांडलास तर बघ.

आंबट की गोड? मी विचारलं.
चमचा चाटत म्हणाली,
बाबांना विचार.
तळाशी अजून
त्यांच्या हातचा घोटभर आहे.