सेंधू

माझ्या कादंबरीतल्या नगरीचं नाव खारणी.
तिला मी तीन चंद्र दिले होते, एक खारट नदी,
काचेच्या पंखांचे बगळे, वारा विकणारे दलाल,
आणि वहीच्या मधल्या पानावर एक नकाशा,
घडीवर फाटलेला.

मुगभाटातल्या कमलजा पाठारे मुद्रितं तपासायच्या.
साठ पानं वाचून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"झकास आहे हो सगळं.
पण ही माणसं चिडली की शिव्या काय देतात?
तुमची नगरी कालच रंगवलेली वाटते.
भिंतीला हात लावला तर बोटाला रंग येईल."

मग चहा आला. मी खारी बुडवत बसलो.
ती तुटून कपात पडली.

घरी मुद्दाम वाकडी वाट करून गेलो.
धोबीतलावावर तलाव नव्हता.
पायधुणीला कुणी पाय धूत नव्हतं.
मी राहतो त्या उमरखाडीत
खाडी दाखवा म्हटलं तर पोरं हसतील.
तरी पाकिटांवर, लग्नपत्रिकांवर,
दवाखान्याच्या कार्डावर तेच.
एवढं पाणी लोक रोज तोंडाने उच्चारतात
आणि कुणाचे ओठ भिजत नाहीत.

खारणीत हे नव्हतं.
तिथे प्रत्येक नाव आपापल्या वस्तूला चिकटलेलं,
नव्या पातेल्यावरच्या कागदासारखं.

त्या रात्री सातव्या प्रकरणातल्या ओहळाला,
चोरून मीठ वाहणाऱ्या पोरीला,
चारशे वर्षं मागे धाडलं.
यंत्र नको म्हटलं, मंत्रही नको.
ओहोटी लागली की समुद्राकडे पाठ करायची
आणि उलट पावलांनी चालत सुटायचं.
सोबत यादी दिली :
पहिली वीट कुणी ठेवली,
तिसरा चंद्र कधीपासून,
बगळ्याचा भाव काय होता.

तिसऱ्या दिवशी आली. गुडघ्यापर्यंत चिखल.
यादी भिजून लगदा झालेली.

"वीटबीट नाही सापडली.
तुझ्या राजवाड्याच्या जागी एक मिठागर आहे,
सेंधू नावाच्या बाईचं.
भरणी घालायला आले, तेव्हा ती उठली नाही.
त्यांनी तिच्याभोवती दगड टाकले.
मग तिच्यावर."

मी लिहून घेत होतो.
तिने माझं पेन धरलं.

"दुसऱ्या प्रकरणात तू लिहिलंस
की खारणीचे लोक घरात शिरताना
उंबऱ्यावर दोनदा बोटं टेकवतात.
का लिहिलंस?"

छान दिसतं म्हणून, मी म्हणालो.

बराच वेळ ती काही बोलली नाही.
"ते तिला विचारणं असतं," मग म्हणाली,
"येऊ का आत?"

सेंधूवर चाळीस पानं लिहिली.
तिचं लग्न, तिची फावडी, तिचा तोतरा भाऊ.
सगळी काढून टाकली.
ठेवलं एवढंच :
अवसेला दरबाराची फरशी पाझरते
आणि नोकर न बोलता पुसून घेतात.
आणि बाजारात भांडण पेटलं
की म्हाताऱ्या हात नाचवून ओरडतात,
"सेंधू उठो तुझ्याखालून!"

दुसरी मुद्रितं घेऊन मुगभाटात गेलो.
पाठारेबाई त्या ओळीशी थांबल्या.
सेंधू कोण, हे त्यांनी विचारलं नाही.
मी धु ऱ्हस्व लिहिला होता,
तो पेन्सिलीने दीर्घ केला, पान उलटलं.
तेवढ्यात आत दूध उतू गेलं.
त्या पदर सावरत धावल्या,
आणि ओट्यापाशी, शेगडीला की दुधाला, कुणास ठाऊक,
पुटपुटल्या,
"सेंधू उठो मेल्या..."

रात्री उमरखाडीला परतलो.
जिन्यातला दिवा गेलेला.
किल्ली फिरवली, कुणी बघत नाही असं पाहिलं,
वाकून उंबऱ्यावर दोनदा बोटं टेकवली.

दगड किंचित ओलसर लागला.
किंवा माझाच हात असेल.